तळमजल्याचा फ्लॅट, मागची बाग आणि नकाशावरची रेष

सानगडीत घर विकत घेताना मागच्या वाडीबद्दल वेगळा प्रश्न कोणी विचारत नाही. घर आले की सांदवाडी आलीच. कोचईचा वाफा, शेवग्याचे झाड, वालाचा मांडव, तणसाच्या ढिगाची जागा आणि कडेचे काटेरी कुंपण. कुंपणापर्यंत आपले, पलीकडे शेजाऱ्याचे. हीच सवय घेऊन आपली माणसे साकोलीत, भंडाऱ्यात, नागपुरात फ्लॅट पाहायला जातात. कोणाला मुलांच्या शिक्षणासाठी घर हवे असते, कोणाला म्हातारपणी दवाखाना जवळ हवा असतो. गुडघ्यांचा विचार करून तळमजला पसंत पडतो. विकणारा मागचे दार उघडतो, विटांच्या कडा लावलेली हिरवळ दाखवतो आणि म्हणतो, "काका, ही बाग तुमचीच. वरच्या कोणाचा हिच्याशी संबंध नाही." काका खूश होतात आणि भावात लाख-दोन लाख वाढवून देतात.

त्या लाख-दोन लाखांत नेमके काय मिळाले, हे कागद वाचून ठरवता येते. वकील लागतोच, पण त्याच्याकडे जाण्याआधी घरीच, फूटपट्टी आणि कॅल्क्युलेटर घेऊन, निम्मे काम आपले आपण करू शकतो. आणि हे काम इसारपत्रावर सही करण्याआधीच करायचे असते.

सुरुवातीला एक फरक डोक्यात पक्का बसवा. फ्लॅटच्या बागेला दोन वेगवेगळ्या हद्दी असतात. एक बाहेरची: इमारतीचा भूखंड कुठे संपतो आणि शेजारचा कुठे सुरू होतो. दुसरी आतली: त्याच भूखंडात तुमच्या फ्लॅटची बाग कुठे संपते आणि बाजूच्या फ्लॅटची, किंवा सगळ्यांची, जागा कुठे सुरू होते. बाहेरची रेष भूमी अभिलेख खात्याकडे असते. आतली रेष त्या खात्याला ठाऊकच नसते. भूकरमापक आला, यंत्र लावले, चार कोपऱ्यांत खुणा केल्या, तरी 'फ्लॅट क्रमांक १ ची बाग' त्याच्या कागदावर कुठेच सापडणार नाही. मोजणीचे पैसे भरून लोक निर्धास्त होतात ते इथेच. मोजणीने बाहेरच्या शेजाऱ्याशी होणारे भांडण मिटते. फ्लॅटमधली भांडणे मात्र बहुतेक आतल्या रेषेवरून होतात.

बाग कोणाची, याची तीन उत्तरे असू शकतात

कायद्याच्या नजरेत इमारतीभोवतीची मोकळी जागा सहसा कोणा एकाची नसते. २०१६ च्या रेरा कायद्याने सामाईक क्षेत्राची व्याख्या करताना गच्च्या, उद्याने, खेळण्याच्या जागा आणि उघडे पार्किंग यांची नावे घेऊन ती सगळ्यांची ठरवली आहेत. त्याच कायद्यातल्या चटई क्षेत्राच्या व्याख्येतून बाल्कनी, व्हरांडा आणि खास वापराची उघडी गच्चीसुद्धा वगळली आहे. मग जमिनीवरची बाग चटई क्षेत्रात येण्याचा प्रश्नच नाही. जाहिरातीत 'बागेसह ९०० चौरस फूट' असे छापलेले दिसले तर त्यातले चटई क्षेत्र किती आणि बाग किती, हे दोन आकडे वेगळे मागून घ्या. ते वेगळे सांगायला विकणारा टाळाटाळ करत असेल, तर पुढचा व्यवहार कसा होईल याचा अंदाज तिथेच येतो.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या मुंबईच्या प्रकरणात निकाल दिला. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्याखाली, म्हणजे 'मोफा'खाली, उघडे किंवा खांबांखालचे पार्किंग बिल्डरला सुटे काढून विकता येत नाही, ते सामाईक जागेचा भाग आहे, असे त्यात ठरले. प्रकरण पार्किंगचे होते, पण विचार बागेपर्यंत पोहोचतो: इमारतीखालची आणि भोवतालची जमीन तुकडे करून वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना विकण्याचा माल नव्हे.

मग 'खास बाग' असे काही असूच शकत नाही का? असू शकते, आणि आपल्या भागासाठी हे उत्तर जास्त कामाचे आहे. नागपूर-भंडारा पट्ट्यात पुष्कळ इमारतींची सहकारी संस्था नसते; त्या १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियमाखाली येतात. अशा इमारतीचे एक नोंदणीकृत घोषणापत्र असते, ज्याला सगळे डीड ऑफ डिक्लरेशन म्हणतात. कोणते अपार्टमेंट किती मोठे, सामाईक जागा कोणत्या, प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा किती टक्के, हे त्यात लिहिलेले असते. शिवाय 'मर्यादित सामाईक क्षेत्र' असा एक प्रकार असतो: जागा सामाईकच, पण ठराविक अपार्टमेंटच्या वापरासाठी राखलेली. मागची बाग या यादीत तुमच्या अपार्टमेंटच्या नावापुढे असेल, तर ती वापरण्याचा तुमचा हक्क लेखी आहे. जमिनीची मालकी तरीही सगळ्यांची अविभक्तच राहते, म्हणजे तिथे पक्की खोली उठवता येणार नाही. पण वरच्या मजल्यावरच्या कोणाला तिथे सायकली लावता येणार नाहीत.

बाग घोषणापत्रात नसेल, पण विकणाऱ्याच्या तोंडी असेल, तर ती नुसती मुभा आहे. आजवर कोणी हरकत घेतली नाही, एवढाच तिचा अर्थ. उद्या बाकीचे मालक एकत्र येऊन म्हणाले की इथे पाण्याची टाकी बसवायची आहे, तर तुमच्या हाती दाखवायला काही नसते. "आम्ही १५ वर्षांपासून वापरतो आहोत" हे उत्तरही फार चालत नाही. सहमालकाचा ताबा हा बाकीच्यांच्या वतीनेही मानला जातो; त्यांना उघडपणे नाकारून हाकलले होते असे सिद्ध झाल्याशिवाय नुसत्या वर्षांच्या मोजणीने हक्क तयार होत नाही. सहकारी संस्थेत सर्वसाधारण सभेच्या ठरावाने वापराला परवानगी मिळालेली असते. तो ठराव मागून वाचा, कारण ठरावाने दिलेले दुसऱ्या ठरावाने परत घेता येते.

याच ठिकाणी टक्केवारीचा एक खेळ चालतो. समजा, भूखंड १८ बाय २४ मीटर, म्हणजे ४३२ चौरस मीटर आहे आणि त्यावर सारखे १२ फ्लॅट आहेत. प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा ८.३३ टक्के, म्हणजे ३६ चौरस मीटर, सुमारे ३८७ चौरस फूट. विकणारा सांगतो, "रजिस्ट्रीत तुमच्या नावावर ३८७ फूट जमीन लागते, बाग त्यातलीच." रजिस्ट्रीत आकडा खरेच असतो. पण तो हिस्सा जमिनीवर कुठेही बोट ठेवून दाखवता येत नाही. तो पायऱ्यांखाली आहे, गेटजवळ आहे, वरच्याच्या स्वयंपाकघराखाली आहे, सगळीकडे थोडा थोडा आहे. बागेच्या हद्दीशी त्याचा काही संबंध नाही.

आणखी एक गोष्ट लहान गावांत घर घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल, किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाला रेराची नोंदणी सक्तीची नाही. वरच्या उदाहरणातली इमारत या सवलतीत बसते. साकोलीसारख्या ठिकाणी उभ्या राहणाऱ्या कितीतरी इमारतीही बसतील. म्हणजे महारेराच्या संकेतस्थळावर मंजूर नकाशा फुकट पाहण्याची सोय तिथे नसते. तो नकाशा तुम्हालाच नगर परिषदेतून किंवा मंजुरी देणाऱ्या कार्यालयातून मिळवावा लागेल. गरज पडली तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा.

बाहेरची रेष

इथे फार वेळ घालवू नका, पण टाळूही नका. विदर्भात नगर भूमापन झालेल्या जागेची आखीव पत्रिका मिळते. नागपुरात हाच कागद सगळ्यात आधी मागतात. तिच्यावर भूमापन क्रमांक, चौरस मीटरमधले क्षेत्र, धारक आणि सत्ताप्रकार असतो. नगर भूमापन झालेले नसेल तर सातबारा, अकृषक आदेश आणि त्या आदेशासोबतचा मंजूर अभिन्यास पाहावा. मोजणी झालेली असेल तर 'क' प्रत मागा. विक्रेत्याकडे जुनी 'क' प्रत असेल तर तिच्यावरची तारीख आणि मोजणीचा प्रकार पाहा. हद्द कायम करण्याची मोजणी आणि पोटहिश्शाची मोजणी या वेगळ्या गोष्टी आहेत. मोजणीसाठी अर्ज भूखंडाच्या धारकांनी करायचा असतो, त्यामुळे १२ फ्लॅटच्या इमारतीत एकट्याने अर्ज करायला गेलात तर आधी बाकीच्यांच्या सह्यांचा प्रश्न येतो. म्हणून खरेदीआधी विक्रेत्याकडूनच हे काम करून घेतलेले बरे.

मोबाइलवर महाभूनकाशा उघडून आपला निळा ठिपका भिंतीच्या आत आहे की बाहेर, हे पाहणारे लोक भेटतात. फोनच्या स्थाननिश्चितीत काही मीटरची चूक सहज येते. तीन मीटर रुंद बागेचा निवाडा त्या ठिपक्यावर करता येत नाही. तो नकाशा भूखंडाचा आकार आणि शेजारचे क्रमांक कळण्यापुरता वापरा.

फ्लॅटसाठी पैसा उभा करायला गावातले घर विकणारेही वाचकांत असतील, म्हणून थोडे गावाबद्दल. भंडारा जिल्हा पूर्वी मध्य प्रांतात आणि मग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. मालगुजारी गेली ती १९५१ मध्ये, मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने. त्याआधी गावची आबादी मालगुजाराच्या हाताखाली होती, आणि घरामागच्या वाड्यांचे माप कोणी कागदावर घेतलेच असेल असे नाही. त्यामुळे आपल्याकडे आजही पुष्कळ घरांना एकच कागद असतो: ग्रामपंचायतीचा नमुना ८. तो कर आकारणीचा उतारा आहे. त्यावर घराचे क्षेत्र कर बसवण्यापुरते लिहिलेले असते आणि त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. सांदवाडी तर त्यात बऱ्याचदा येतच नाही.

ही पोकळी भरायला महाराष्ट्रात आधी पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावी ड्रोनने गावठाण मोजून पाहिले गेले, आणि २४ एप्रिल २०२० पासून केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. भारतीय सर्वेक्षण विभागाचे ड्रोन उडण्याआधी घरमालकांच्या समक्ष हद्दीवर चुन्याची रेष टाकली जाते, आणि वरून घेतलेल्या चित्रांतून १:५०० प्रमाणाचा नकाशा बनतो. मिळकत पत्रिका आणि सनद त्यावरून मिळते. अडचण इतकीच की ड्रोनला वरून जे दिसते तेच दिसते. वाडीच्या कडेला आंबा, फणस किंवा बांबूचे बेट असेल तर चुन्याची रेष पानांखाली झाकली जाते. पुढे प्रत्यक्ष पडताळणी आणि हरकतींची मुदत असते, पण त्या वेळी घरचा माणूस गावी नसेल तर वाडीचा मागचा कोपरा शेजाऱ्याच्या नावे चढू शकतो. पत्रिका हातात आली की नुसते नाव बरोबर आहे का ते पाहून ती ट्रंकेत ठेवू नका. नकाशाच्या चारही बाजू मोजा. वाडी तलावाच्या पाळीला, बोडीला किंवा गावाबाहेरच्या पडीताला टेकलेली असेल, तर पलीकडचा गट निस्तार पत्रकात, म्हणजे गावाच्या सामाईक वापराच्या जमिनींच्या नोंदीत, आहे का आणि तो झुडपी जंगल म्हणून नोंदलेला आहे का, हेही तपासा. झुडपी जंगल हे वनच आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला आहे. कुंपण दोन हात पुढे सरकवून वाढवलेली वाडी अशा जमिनीवर गेली असेल, तर ती विकताही येणार नाही आणि विकत घेण्याच्याही लायकीची नाही.

मंजूर नकाशा हातात घेतल्यावर

आता आतली रेष, म्हणजे खरे काम. विक्री कार्यालयात मिळणारे रंगीत माहितीपत्रक बाजूला ठेवा. त्यातली झाडे चित्रकाराने लावलेली असतात. तुम्हाला हवा आहे तो शिक्का आणि मंजुरी क्रमांक असलेला स्थळ आराखडा, आणि सोबत तळमजल्याचा नकाशा. इमारत अपार्टमेंट अधिनियमाखाली असेल तर घोषणापत्राला जोडलेले मजल्यांचे नकाशेही घ्या. हे कागद टेबलावर शेजारी शेजारी पसरायचे.

आधी उत्तर दिशेचा बाण शोधा आणि सगळ्या कागदांची उत्तर एकाच बाजूला करा. ऐकायला पोरकट वाटेल, पण विक्रीपत्रातल्या चतुःसीमा आणि नकाशा एकमेकांना उलटे जोडल्यामुळे पूर्वेची बाग पश्चिमेच्या फ्लॅटला लागल्याचे प्रकार घडतात. जिना कुठे आहे, लिफ्ट कुठे आहे, यावरून खात्री करून घ्या. बिल्डर फ्लॅटला देतो तो क्रमांक आणि मंजूर नकाशावरचा क्रमांक वेगळे असू शकतात. '००१' आणि 'जी-१' एकच आहेत, असे गृहीत धरू नका.

मग प्रमाण. नकाशावर १:१०० लिहिले असेल तर कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक मीटर. पण आपल्या हातात बहुतेक वेळा झेरॉक्स असते. मागची मोकळी जागा आकड्यात ३.०० मीटर लिहिलेली आहे आणि फूटपट्टीने ती २.१ सेंटिमीटर भरते, तर ती प्रत एका कागदी आकाराने लहान झाली आहे असे समजा. अशा प्रतीवर फूटपट्टी लावून बागेची लांबी काढू नका. लिहिलेले आकडेच वापरा. जुन्या गावनकाशावर तर पट्टी लावूच नये. एका मैलाला १६ इंच, म्हणजे १:३९६० या प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेष जमिनीवर जवळजवळ दोन मीटर जागा खाते. धुऱ्यावरून दोन भावांत कोर्टकचेरी होते, तेव्हा दोघेही कधी कधी त्याच एका रेषेच्या आत असतात.

मंजूर नकाशातल्या रंगांनाही ठरलेले अर्थ असतात. भूखंडाची कड जाड काळी, प्रस्तावित बांधकाम लाल, अस्तित्वातला रस्ता हिरवा, पाडायचे बांधकाम पिवळ्या तिरप्या रेषांत. मनोरंजनाच्या मोकळ्या जागेला हिरवी छटा देतात, आणि सामासिक अंतराची जागा कोरी सोडतात. तुम्हाला दाखवलेली बाग बहुधा या कोऱ्या जागेत असते. सामासिक अंतर हवा-उजेडासाठी, ये-जा करण्यासाठी आणि मोठ्या इमारतीत अग्निशमन गाडी फिरण्यासाठी सोडायला लावलेले असते. त्यात झाडे लावायला सहसा कोणी अडवत नाही. भिंत घालायला किंवा पत्र्याचे छप्पर टाकायला अडवू शकतात. बाग हिरव्या छटेच्या जागेत असेल तर गोष्ट आणखी वेगळी. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या अभिन्यासात १० टक्के जागा अशी राखावी लागते, आणि ती सगळ्या रहिवाशांची असते. ती एका फ्लॅटला जोडून विकण्याचा प्रश्नच येत नाही, मग विकणाऱ्याने तिला कितीही सुंदर फाटक लावलेले असो.

पुन्हा त्या १८ बाय २४ मीटरच्या भूखंडाकडे येऊ. समोर साडेचार, बाजूंना तीन-तीन आणि मागे तीन मीटर सोडले, तर इमारत १२ बाय १६.५ मीटरची होते. मागची पट्टी १८ बाय ३, म्हणजे ५४ चौरस मीटर. मागच्या बाजूला दोन फ्लॅट असतील आणि पट्टी मधोमध वाटली, तर तुमच्या वाट्याला ९ बाय ३, म्हणजे २७ चौरस मीटर, २९० चौरस फूट. विकणारा '३०० फुटांची बाग' सांगतो ते इथून. आता नकाशात सेप्टिक टाकी शोधा. समजा, ती तुमच्या पट्टीत ३ बाय दीड मीटरची आहे: साडेचार चौरस मीटर गेले. भिंतीलगत सगळ्या इमारतीला फिरण्यासाठी एक मीटरची वाट ठेवली आहे: नऊ गेले. उरले साडेतेरा चौरस मीटर, १४५ चौरस फूट, बरोबर निम्मे. शिवाय कुंपणभिंतीची जाडी नऊ इंच आणि दोन्ही बाजूंचे प्लॅस्टर धरून साधारण पाव मीटर असते. भिंत भूखंडाच्या रेषेच्या पूर्ण आत बांधलेली असेल तर नऊ मीटर लांबीत आणखी सव्वादोन चौरस मीटर जातात. बोअरवेल, पाण्याची टाकी, सांडपाण्याचे चेंबर, विजेचा खांब, पावसाच्या पाण्याचा शोषखड्डा हे सगळे असेच शोधून त्यांच्याभोवती पेन्सिलने गोल करा. चेंबर तुमच्या बागेत असेल तर ते साफ करायला लोक येणारच, आणि त्यांना अडवण्याचा हक्क कोणालाही नाही.

इमारती एकाहून जास्त असतील तर आणखी एका ठिकाणी पाहायचे. महारेराच्या नमुना करारात मंजूर झालेला अभिन्यास सी-१ या जोडपत्रात आणि विकासकाने पुढे प्रस्तावित केलेला अभिन्यास सी-२ मध्ये असतो. दोन्ही खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून पाहा. सी-१ मध्ये तुमच्या मागे मोकळे मैदान आणि सी-२ मध्ये त्याच ठिकाणी 'विंग बी' असेल, तर तुम्ही पैसे मोजून विकत घेतलेले दृश्य पाच वर्षांत भिंतीआड जाणार आहे. मंजूर आराखड्यात नंतर मोठा बदल करायला दोन-तृतीयांश सदनिकाधारकांची लेखी संमती लागते हे खरे. पण सी-२ वर सही करून तुम्ही ती आधीच दिली, असा दावा पुढे होऊ शकतो. चटई क्षेत्र ३ टक्क्यांपेक्षा जास्त कमी भरले तर पैसे परत मागण्याची तरतूद त्या करारात आहे. बागेसाठी अशी तरतूद नाही. ती हवी असेल तर आपण लिहून घ्यायची.

जागेवर टेप धरताना

एकट्याने जाऊ नका. टेपचे दुसरे टोक धरायला माणूस लागतो, आणि मोजताना शेजारचा फ्लॅटवाला बाहेर येतोच. ते चांगलेच आहे. त्याला सरळ विचारा, "तुमची बाग कुठपर्यंत?" विकणाऱ्याने सांगितलेली रेष आणि शेजाऱ्याने सांगितलेली रेष जुळली नाही, तर तुम्हाला फुकटात मोठी माहिती मिळाली.

लांबी-रुंदी घेतल्यावर दोन्ही कर्ण मोजा. ९ बाय ३ मीटरच्या सरळ चौकोनी पट्टीचा कर्ण ९.४९ मीटर भरायला हवा. दोन्ही कर्ण सारखे आले नाहीत तर कोपरा काटकोनात नाही, आणि नुसता लांबी गुणिले रुंदी केलेला हिशेब खोटा आहे. अशा वेळी एका कर्णाने जागेचे दोन त्रिकोण करून प्रत्येकाचे क्षेत्र वेगळे काढावे. मेंदीचे किंवा कोरफडीचे कुंपण मोजताना पानांपासून मोजू नका, बुंध्यापासून मोजा. कुंपण दरवर्षी बाहेर पसरते आणि सोबत लोकांची समजूतही पसरत जाते. फोटो काढताना टेप चौकटीत येऊ द्या आणि मागे इमारतीचा ओळखू येईल असा कोपरा असू द्या.

पावसाळ्यात एकदा जाऊन या, जमल्यास चांगला पाऊस पडून गेल्यावर लगेच. शेजारच्या छपराचे पाणी तुमच्या पट्टीत पडते का, सेप्टिक टाकीभोवती जमीन बसते का, हे नकाशावर दिसत नाही.

रजिस्ट्रीत काय लिहून घ्यायचे

नकाशा विक्रीपत्राला जोडलेला असला तरच त्याला वजन. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दस्तऐवजात नकाशा असेल तर त्याची खरी प्रतही सोबत द्यावी लागते. म्हणून नकाशा वेगळ्या पाकिटात न ठेवता दस्ताचा भाग करा, त्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या घ्या आणि पान क्रमांक टाका. बाग रंगवून दाखवा, लांबी-रुंदी आकड्यात लिहा, आणि कुठून मोजली तेही लिहा: इमारतीच्या बाहेरच्या भिंतीपासून कुंपणभिंतीच्या आतल्या बाजूपर्यंत. चतुःसीमेत 'पूर्वेस मोकळी जागा' असे कधीच राहू देऊ नका. कोणाची मोकळी जागा, ते तिथे यायला हवे. क्षेत्रफळ आणि चतुःसीमा यांत फरक पडला की न्यायालये साधारणपणे चतुःसीमेला जास्त महत्त्व देतात. म्हणजे चतुःसीमा ढिसाळ असेल तर पक्का आकडाही तुम्हाला वाचवेलच असे नाही.

मजकूर साधा ठेवा. उदाहरणार्थ: "सदनिका क्रमांक १ च्या पूर्वेकडील मागील सामासिक जागेपैकी, सोबतच्या नकाशात हिरव्या रेषेने दाखविलेला ९ मीटर लांब व ३ मीटर रुंद भाग हा घोषणापत्रात नमूद मर्यादित सामाईक क्षेत्र असून तो या सदनिकेच्या खास वापरासाठी राखीव आहे. सेप्टिक टाकी व चेंबर यांच्या दुरुस्तीसाठी आवश्यक तेवढा प्रवेश देण्यास खरेदीदार बांधील आहे." घोषणापत्राचा नोंदणी क्रमांक आणि तारीखही लिहावी. घोषणापत्रात तसे नसेल तर विक्रीपत्रात हे वाक्य घालून काही साधत नाही. विकणाऱ्याकडे जो हक्क नाही तो तो देऊ शकत नाही. आधी बाकीच्या मालकांच्या संमतीने घोषणापत्रात दुरुस्ती, आणि तिची नोंदणी झाल्यावरच विक्रीपत्र, हा क्रम सोडू नका.

जुना फ्लॅट घेत असाल तर अपार्टमेंट मालकांच्या संघटनेकडून किंवा संस्थेकडून एक पत्र घ्या: मागच्या बागेचा वापर या सदनिकेकडे आहे, त्यावर कोणाची तक्रार वा वाद प्रलंबित नाही, आणि कुंपण मंजूर नकाशाविरुद्ध बांधलेले नाही. सचिव तोंडी "हो हो" म्हणतो आणि पत्र द्यायला महिनाभर लावतो. तसे झाले तर इसाराची रक्कम कमी ठेवा आणि इसारपत्रात ती पत्रावर अवलंबून ठेवा. पत्र आलेच नाही, तर बागेची किंमत शून्य धरून फक्त चटई क्षेत्राच्या दराने भाव सांगा. विकणाऱ्याने तो भाव मान्य केला तर फ्लॅट घ्या, झाडेही लावा; फक्त आंबा-फणस जमिनीत लावण्याऐवजी कुंडीत मावतील अशी झाडे निवडा.